सभेत न सांगितलेले

कळंब, कार्तिक शुद्ध ८, शके १८६५ (इ.स. १९४३)

व्यंकटेश,

एकोणीस वर्षांनी लिहितो आहे, म्हणून कुशल विचारण्यात शाई घालवीत नाही. तू बार्शीत तालीम चालवतोस, तुझ्या धाकट्या मुलीचे लग्न वैशाखात झाले, एवढे तिकडून येणाऱ्या आडत्यांकडून मला कळते. हे पत्र समेटासाठी नाही. मला एका वस्तुस्थितीची खात्री करून घ्यायची आहे आणि ती सांगू शकेल असा मनुष्य आता तूच एक उरला आहेस.

प्रश्न असा. आपल्या आबांची नदीपर्यंतची रोजची फेरी कोणत्या महिन्यात बंद झाली, आणि त्यांची विस्मृती कोणत्या महिन्यात उघड झाली? या दोहोंत आधी कोणते?

संदर्भ तुला आठवत असेलच. तरी लिहितो, म्हणजे माझ्या आठवणीत कुठे चूक असेल तर तुला ताडून पाहता येईल. शके १८४६ च्या भाद्रपदात मारुतीच्या पारावर सभा भरली होती. तू आणि उस्ताद खाजामियाँ, दोघांनी मिळून असा प्रस्ताव मांडला होता की तालमीचा हौदा सकाळी एक प्रहर साठीपुढच्या माणसांसाठी राखावा. कुस्ती नव्हे, हलक्या बैठका, मुगदल आणि नदीपर्यंत चालणे. म्हातारपणी देहाला हालचाल राहिली तर बुद्धी शाबूत राहते, असे तुझे म्हणणे होते. लोक हसले. उस्ताद म्हणाले, "हसा. पण डोक्यात रगत फिरवायचं काम पायाचं हाय, हे ध्यानात ठेवा."

मग लोकांनी मला बोलायला सांगितले. मी उभा राहिलो आणि आबांचा दृष्टान्त दिला. आमच्या वडिलांनी पन्नास वर्षे रोज साठ नमस्कार घातले, रोज नदीवर चालत गेले. आज ते मला त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारतात. व्यायामाने बुद्धी राखली जात असती, तर या गावात सर्वांत आधी त्यांची राखली गेली असती. एवढेच बोललो. सभेला दुसरे काही ऐकण्याची गरज उरली नाही.

तू उत्तर दिले नाहीस. प्रतिवाद्याला उत्तर सुचू नये, याला आमच्या शास्त्रात 'अप्रतिभा' म्हणतात आणि तो पराभवाचा एक प्रकार धरला जातो. तुझे मौन मी त्याच सदरात मांडले. दुसऱ्या दिवशी तू बार्शीच्या गाडीत बसलास. आबांच्या दिवसांना आलास, तेराव्याला जेवलास आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेलास.

सध्या मी वादातील दृष्टान्ताचे दोष यावर एक टिपण लिहितो आहे. त्यासाठी वरील दोन महिने हवे आहेत. अभिप्राय नको, महिने कळव.

नारायण

•

कळंब, मार्गशीर्ष वद्य २, शके १८६५

व्यंकटेश,

पाच आठवडे झाले, उत्तर नाही. मागील पत्रात मी एका टिपणाचा उल्लेख केला होता. तसे टिपण नाही. वस्तुस्थिती विचारणाऱ्याने स्वतः खोटे कारण द्यावे हे अयोग्य आहे, म्हणून खरे कारण लिहितो.

गेल्या श्रावणात ओसरीवर चार विद्यार्थी बसले होते. अनुमानाचा पहिलाच पाठ, जो मी चाळीस वर्षे शिकवला. डोंगरावर अग्नी आहे. कारण तेथे धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसे… येथे उदाहरण द्यायचे असते. ते उदाहरण सात वर्षांच्या मुलालाही येते. मला आले नाही. मी 'जसे' म्हणून थांबलो. आतून प्रेमलाच्या चुलीचा धूर ओसरीवर येत होता, माझ्या डोळ्यांतून पाणी काढत होता, आणि स्वयंपाकघर हा शब्द मला सापडत नव्हता. अखेर एका विद्यार्थ्याने तो हळूच सांगितला. तो हसला नाही. त्याने खाली पाहिले, ते मला अधिक लागले.

प्रेमला ही माझी सून, श्रीनिवासची बायको. तू तिला पाहिलेले नाहीस. श्रीनिवास सभेच्या वेळी बारा वर्षांचा होता. आता तहसील कचेरीत कारकून आहे. त्या दोघांपासून मी ही गोष्ट लपवली. पण पुढे विस्मरणे वाढली. सरकारी डॉक्टरांना नाव न घेता, दुसऱ्याचे म्हणून विचारले. ते म्हणाले, वयाचे आहे. हे उत्तर नव्हे; हे प्रश्नाचेच दुसरे नाव आहे.

तेव्हा मी जेथे जायला नको होते तेथे गेलो. उस्ताद खाजामियाँ आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. तालीम अजून त्यांच्याच हाती आहे. मी दारात उभा राहिलो तेव्हा ते हौद्याची माती ओली करत होते. त्यांच्या बायकोने, शरिफाबीने, मला आधी पाहिले.

"अगं बाई, शास्त्रीबुवा," ती म्हणाली, "एकोणीस साल लागले व्हय इथवर यायला? घर तर दोनशे पावलं बी न्हाय."

उस्तादांनी हात धुतले. "बोला पंडितजी. आज कुणाला हरवायला आलात?"

मी सर्व सांगितले. एखाद्या प्रतिपक्ष्यासमोर स्वतःचा दोष मांडण्याची मला सवय नाही. वाक्ये नीट जुळत नव्हती. ते ऐकून त्यांनी मला खांबाला धरून उठायला-बसायला लावले. सातव्या बैठकीला माझे गुडघे कापू लागले.

"चाळीस साल तुम्ही डोकं चालवलं, पाय बसवून ठेवले," ते म्हणाले. "आता डोकं म्हणतंय, मी एकटं का चालू?"

"याला प्रमाण काय?" मी विचारले.

"माझ्यापाशी प्रमाण न्हाय. माझ्यापाशी सव्वाशे पैलवान हायत, त्यातले तीस म्हातारे झालेले. तुम्ही बघा अन् ठरवा. न्हायतर घरी जाऊन बसा, ते बी जमतं तुम्हाला."

शरिफाबी आतून म्हणाली, "जास्त बोलू नका, पुन्हा सभा भरवतील."

नियम असा ठरला. रोज पहाटे फटफटल्यावर वीस बैठका, हलके मुगदल, मग नदीपर्यंत चालत जाऊन परत. वाटेत कोणाशी बोलायचे नाही. परत आल्यावर वाटेत जे जे दिसले ते क्रमाने उस्तादांना सांगायचे: कोणाची गाडी, कोणत्या रंगाचा बैल, कोणती बाई डोक्यावर कोणते ओझे घेऊन गेली. एखादा पैलवान डाव विसरू लागला की उस्ताद त्याला आधी पळायला लावतात आणि मग डाव विचारतात. तीच ही रीत. पहिल्या दिवशी मी चार गोष्टी सांगू शकलो. पाचवी सांगितली ती उस्तादांच्या मते खोटी होती.

"आज त्या वाटंला उंट आलाच नव्हता, पंडितजी."

"मग माझ्या मनात कोठून आला?"

"ते तुमचं शास्त्र. मी फक्त उंट मोजतो."

काल मी सतरा गोष्टी क्रमाने सांगितल्या. बैठका आता खांब न धरता होतात. रात्रीची झोप बरी लागते. परवा पाठात एकदाही थांबलो नाही. यावरून व्यायामाने बुद्धी राखली जाते असे मी सिद्ध झालेले मानत नाही. सहा आठवडे हा काळ अल्प आहे आणि परीक्षक व परीक्ष्य एकच आहे. पण सभेत मी जे ठामपणे नाकारले ते इतक्या ठामपणे नाकारण्यासारखे नव्हते, एवढे मानतो. म्हणून आबांचे ते दोन महिने मला हवे आहेत. आता कारण खरे आहे. कळव.

नारायण

•

कळंब, पौष वद्य ६, शके १८६५

व्यंकटेश,

हे पत्र प्रेमला टपालात टाकील. मी टाकू शकत नाही. माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी आहे.

घडले ते क्रमाने लिहितो. गेल्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे नदीवर गेलो. परतताना बाभळीपाशी वाट फुटते. डावीकडची गावात येते. मी उजवीकडे वळलो. चूक झाली हे मला कळले नाही. वाट अनोळखी झाली तेव्हा मला वाटले की वाटच बदलली आहे. किती चाललो ठाऊक नाही. ऊन डोक्यावर आले तेव्हा मी ज्वारीच्या एका शेताच्या बांधावर उभा होतो आणि एक मनुष्य मला विचारत होता, "कुठलं गाव?" ते मला सांगता आले नाही.

तो गुंडप्पा माळी. त्याची मुले माझ्याकडे कधी शिकली नाहीत, तरी त्याने मला ओळखले. म्हणाला, "शास्त्रीबुवा हायत की. बसा. हुरडा भाजलाय, खावा, मंग गाडीनं सोडतो."

मी बसलो. त्याची म्हातारी आई माझ्या हातावर गरम हुरडा चोळून ठेवत होती. आपण कोणाच्या हातचे खातो आहोत हा विचार माझ्या मनात आला आणि गेला. सत्य लिहायचे तर, त्या दोन तासांत मी सुखी होतो. भीती वाटली ती गाडी गावात शिरल्यावर, कारण तेव्हा मला सर्व पुन्हा आठवले होते आणि बाजार भरलेला होता. भरल्या बाजारातून गुंडप्पाच्या गाडीत, कडब्यावर बसून मी घरी आलो. श्रीनिवास कचेरी सोडून मला शोधत फिरत होता. चावडीपाशी गाठ पडली. त्याने माझ्या उपरण्यावरची हुरड्याची कुसे झाडली.

संध्याकाळी बोलला.

"नाना, उद्यापासून बाहेर जायचं नाही."

"का?"

"तहसीलदारसाहेबांनी मला विचारलं, तुमचे वडील ठीक आहेत ना. सगळ्यांच्या देखत विचारलं. शिवाय दिवस कसले आहेत ते बघा. चुकून हद्दीच्या नाक्यापलीकडे गेलात, कोणी हटकलं आणि नाव सांगता आलं नाही तर?"

"म्हणूनच व्यायाम करतो आहे. नाव सांगता यावे म्हणून."

तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आबांनी केला नव्हता का? पन्नास वर्षं केला. काय झालं त्यांचं? तुम्हीच सांगितलं होतं पारावर. मी पुढंच बसलो होतो. मला तुमचं वाक्य न् वाक्य पाठ आहे."

त्याने ते म्हणून दाखवले. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, सर्व जागच्या जागी. एवढी शुद्ध मांडणी माझ्या एकाही विद्यार्थ्याने आजवर केली नाही.

व्यंकटेश, आता मी जे लिहितो ते एकोणीस वर्षे कोणालाही सांगितलेले नाही.

अग्नी असेल तेथे धूर असतोच, असे म्हटले तर ते चूक आहे. सर्पण ओले असेल तरच धूर होतो. ही जी न सांगितलेली अट, तिला आम्ही उपाधी म्हणतो. ती लपवून केलेले अनुमान बाहेरून निर्दोष दिसते आणि आतून पोकळ असते. सभेतील माझ्या अनुमानात अशी एक अट होती आणि ती मला ठाऊक होती. आबा मला मेलेल्या काकांच्या नावाने हाक मारीत, हे खरे. पण ते तसे हाक मारू लागले तेव्हा त्यांचे चालणे बंद होऊन बरेच महिने झाले होते. ते मीच बंद केले होते. ज्या दाराला आज कडी आहे त्याच दाराला मी कडी लावली होती. सभा भरली त्या वेळी आबा चौदा महिने त्या खोलीत होते, आणि पारावर मी असे बोललो, जणू ते अजून रोज नदीवर जातात, तरी विसरतात. 'जात होते' आणि 'जातात' यांतले अंतर मी जाणूनबुजून गिळले.

तुला ते ठाऊक होते. तू समोर बसला होतास. धाकट्या भावाने भरल्या सभेत थोरल्याला खोटा पाडू नये, ही आपल्या घरची रीत. तिच्या आड मी उभा राहिलो आणि तुझ्या मौनाला पराभव म्हटले.

आबांना कोंडले ते हरवतील म्हणून, असे मी तेव्हा घरात सर्वांना सांगितले. तेही पूर्ण खरे नव्हते. त्या दिवशी ते नदीपलीकडे अजीजाबीच्या ओट्यावर बसून तिच्या हातची भाकरी खाताना सापडले. दुसऱ्या दिवशी माझ्या पाठशाळेतील तीन मुलांच्या वडिलांनी मुले पाठवली नाहीत. म्हणून कडी लागली. हरवण्याचे कारण मला नंतर सुचले.

कोंडल्यावर पहिला महिनाभर आबा खोलीतल्या खोलीत फेऱ्या घालीत. भिंतीपासून भिंतीपर्यंत, सारवलेली जमीन उखडेपर्यंत. मग थांबले. ते थांबणे मी शांती समजलो. पाचव्या महिन्यात त्यांनी मला नावाने हाक मारणे सोडले.

श्रीनिवास दुष्ट नाही. तो मला दूध-भात वेळेवर देतो, पांघरूण देतो, संध्याकाळी शेजारी बसतो. मीही आबांना सर्व देत होतो. मी या खोलीत रोज वीस बैठका काढतो आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चालतो. आज नववा दिवस. मी कोणत्या दिवशी थांबेन हे मला मोजता येणार नाही, कारण तेव्हा मोजणारा शिल्लक नसेल. मला याची भीती वाटते. हे वाक्य मी पुन्हा वाचले आणि तसेच ठेवतो आहे.

माझ्या सांगण्यावर श्रीनिवास विश्वास ठेवीत नाही. विस्मृती झालेल्या मनुष्याची साक्ष कोण घेईल? साक्षी तू आहेस. त्याला लिही की फेरी आधी बंद झाली आणि बुद्धी नंतर गेली. जे सभेत बोलला नाहीस ते आता बोल. थोरला भाऊ म्हणून मीच तुला तशी मोकळीक देतो. ती द्यायला एकोणीस वर्षे उशीर झाला.

नारायण

•

कळंब, माघ शुद्ध १०, शके १८६५

व्यंकटेश,

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. मला वाटले होते तसे ते नव्हते.

ते मी इतक्या वेळा वाचले की पाठ झाले आहे, आणि सध्या मला पाठ होणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. तू लिहितोस:

"दादा, कडी लागायच्या आधी तीन वर्षांपासून आबा विसरत होते. तुम्हाला म्या कळू दिलं न्हाई. मी रोज त्यांच्या मागून चालायचो, त्यांना दिसणार न्हाई असा. वाट चुकले की पुढं होऊन म्हणायचो, आबा, आज इकडचं पाणी चांगलं हाय, इकडून जाऊ. ते म्हणायचे, चल. अजीजाबीच्या घरी गेले त्या दिवशी मी मागं नव्हतो. सासुरवाडीला गेलो होतो. सभेत मी तुमच्या मानापायी गप बसलो असं तुम्हाला वाटतं. तसं न्हाई. तोंड उघडलं असतं तर हे बी सांगावं लागलं असतं, की आबा चालत होते तवाच विसरायला लागले होते. मग माझंच म्हणणं पडलं असतं. अन् त्या दिवशी आबांना मागं एकटं सोडलं, हे बी. तुम्ही एक लपवलं, मी एक लपवलं. श्रीनिवासला काय लिहू ते तुम्हीच सांगा."

तू मला विचारतोस काय लिहू. मी दोन दिवस विचार केला. प्रेमलाने पत्र आणून दिले तेव्हा तिनेही ते वाचले होते. मी तिला रागावलो नाही. ती म्हणाली, "नाना, आबा आधीपासून विसरत होते तेवढ्या ओळी सोडून वाचून दाखवा. बाकीचं सगळं तुमच्या बाजूचं आहे."

"सोडणे म्हणजेच खोटे बोलणे," मी म्हणालो.

"खोटं कुठं? फक्त चार ओळी."

"पारावर मी एकच शब्द सोडला होता."

तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "मग कडी निघायची नाही."

"शक्य आहे."

काल संध्याकाळी श्रीनिवास कचेरीतून आला. त्याला समोर बसवून मी तुझे पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले. त्याआधी मी माझे सांगितले: चौदा महिने, अजीजाबीचा ओटा, पाठशाळेतील तीन मुले. त्याचा चेहरा मी वाचू शकलो नाही. कचेरीत अर्ज ऐकून घेताना तो जसा बसतो तसा बसला होता.

"म्हणजे चालत असतानाच आबा विसरू लागले होते," तो म्हणाला.

"होय."

"मग चालून उपयोग काय झाला?"

हा प्रश्न योग्य होता. मी त्याला जे सांगितले ते असे, शक्य तितके नेमके. चालणाऱ्याची बुद्धी जातच नाही, हे सिद्ध झाले नाही. सभेतील व्यंकटेशचे म्हणणे मी या साक्षीने सिद्ध करू शकत नाही. चालणे निरुपयोगी आहे, हेही सिद्ध झाले नाही. सभेतील माझे म्हणणे तर आधीच पडले. एका मनुष्यावरून नियम ठरत नाही, मग तो मनुष्य आपला बाप का असेना. राहिली ती एवढीच गोष्ट: विसरू लागल्यावर आबा तीन वर्षे चालले आणि त्या तीन वर्षांत ते आपल्या घरात होते, आपल्याला नावाने हाक मारीत होते, बाजारातून तुझ्यासाठी रेवड्या आणीत होते. कोंडल्यावर पाच महिने. ती तीन वर्षे कशामुळे मिळाली हे मला ठाऊक नाही. ती मला हवी आहेत.

"आणि तुम्ही पुन्हा हरवलात तर?"

"हरवेन. तशी शक्यता आहे. नाही असे सांगून मी तुझ्याकडून परवानगी घेणार नाही."

"लोक बोलतील."

"बोलतात. मी त्यांचे ऐकले, त्याचे फळ त्या खोलीत चौदा महिने बसले होते आणि पुढे आणखी सात."

तो उठून बाहेर गेला. मला वाटले, संपले. मी भिंतीपासून भिंतीपर्यंत चालू लागलो. दुसरे काही करण्यासारखे नव्हते. मागच्या अंगणातून प्रेमलाचा आवाज आला, मग त्याचा, मग कोणाचाच नाही. बऱ्याच वेळाने तो दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"काका किती पावलं मागं राहायचे?" त्याने विचारले.

मला ते ठाऊक नव्हते. तसे मी सांगितले.

आज पहाटे दार उघडे होते. मी तालमीत गेलो, बैठका काढल्या. सभेतील निर्णय मी मागे घेतो, असे उस्तादांना विधिपूर्वक सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "ते हारजितीचं तुमचं तुमच्यापाशी ठेवा. मुगदल उचला, गार पडलात." मग मी नदीवर निघालो. श्रीनिवास मागून येत होता. कचेरीचा कोट घालून, हातात विनाकारण एक कागद धरून, जणू त्यालाही तिकडेच काम आहे. मी मागे वळून पाहिले नाही, कारण पाहिले असते तर सोंग मोडून त्याला मला हाक मारावी लागली असती.

परतताना बाभळीपाशी मी थांबलो. दोन्ही वाटा मला सारख्याच दिसत होत्या. मागची पावलेही थांबली. मग तो घसा साफ करून म्हणाला, "नाना, डाव्या अंगाला ऊन चांगलं आहे." तुझ्या पत्रातले वाक्य त्याने आपल्या परीने बदलून घेतले होते. मी डावीकडे वळलो.

परत आल्यावर उस्तादांना मी अकरा गोष्टी क्रमाने सांगितल्या. सतरावरून अकरा. हे तुझ्यापासून लपवत नाही; जवळजवळ चार आठवडे कोंडून राहिल्याने झाले की मूळ विकारच पुढे सरकला, हे सांगता येत नाही. महिन्याने पुन्हा मोजू.

श्रीनिवासला आता वेगळे काही लिहायची गरज नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुझ्याजवळच आहे. पावलांचा आकडा नेमका कळव, आणि वळणावर तू अंतर कमी करीत होतास की वाढवीत होतास, तेही. टपालाने कळव किंवा येऊन दाखव. दाखवणे अधिक बरे, कारण लिहिलेले तो कचेरीतल्या हुकमासारखे पाळील. फार उशीर करू नकोस. तोवर तो अंदाजाने चालतो आहे आणि त्याचा अंदाज फार जवळचा आहे. परतीच्या वाटेवर ऊन पाठीशी असते. त्याची सावली माझ्या पायांत येते.

नारायण